शरणपूरची पोरं

मी एक वर्ष केनियात होते. मोंबासा शहरात, किसाउनी नावाच्या भागातल्या एका बालकेंद्रात. संस्थेच्या कागदावर माझं पद होतं ‘व्हॉलंटिअर’. काम म्हणजे तीन ते सहा वर्षांची मुलं सांभाळणं, त्यांना अंक-अक्षरं शिकवणं, वजन-उंचीच्या नोंदी ठेवणं आणि दुपारच्या जेवणाचा हिशोब लिहिणं. थोडक्यात, आईचंच काम. माझी आई नाशिकला पंचवटीमागच्या एका वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. माझं जायचं ठरलं तेव्हा तिने बॅग भरू लागली, चटणीचे डबे चिकटपट्टीने बंद केले आणि मग विचारलं, “इथे पोरं कमी पडली का गं?”

या प्रश्नाला चांगलं उत्तर नाही. ‘अनुभव मिळेल’ हे उत्तर मी दिलं. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. परदेशात जाऊन कुणाची तरी सेवा करायची, या कल्पनेत विशीतल्या माणसाला एक नशा असते. मोंबासाच्या मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, मला एकदा दोन अमेरिकन पोरं दिसली होती. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. मॉर्मन मिशनरी. अठरा-एकोणीस वर्षांची ही मुलं दोन वर्षांसाठी घर सोडतात, जिथे पाठवतील तिथे जातात, खर्चाचा बराचसा भार त्यांच्या घरचेच उचलतात. एकाने कडेवर बाळ असलेल्या बाईला उठून जागा दिली आणि उरलेला रस्ता वाकून उभा राहिला, कारण त्याची उंची मटाटूच्या छताला मानवत नव्हती. मला ती पोरं आवडली. मी काही धर्मप्रचाराला गेले नव्हते, पण आमच्यात एक गोष्ट सारखी होती. आमच्या सगळ्यांकडे परतीची तारीख होती.

केंद्रातली मदतनीस मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “मुलांना जास्त लळा लावू नकोस. तू जाणार.” तिला सगळे ‘मामा’ म्हणायचे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मराठी कानाला हे पचायला दोन दिवस लागतात. बाकी स्वाहिली आपल्याला बऱ्यापैकी ओळखीची वाटते. गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, चपातीला चपातीच. मोठ्या माणसाला भेटलं की ‘शिकामू’ म्हणायचं. त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरते, असा सांगतात. मी तो शब्द पहिल्या दिवसापासून बिनचूक वापरला, याचं तिथल्या आजी-आजोबांना फार कौतुक होतं.

केंद्रात जायला मी केंगेलेनीच्या स्टॉपवर उतरायचे. केंगेले म्हणजे घंटा. तिथे खरोखरच एक जुनी घंटा आहे, रस्त्याच्या कडेला, कमानीत टांगलेली. आजूबाजूला मोबाइल रिचार्जच्या टपऱ्या, टुकटुक, कसावाचे चिप्स तळणाऱ्या बायका. या वस्तीचं नाव फ्रीअर टाउन. एका रविवारी मामा मला तिथल्या चर्चमध्ये घेऊन गेली. बाहेर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कुठली म्हणून विचारलं. मी सवयीने ‘इंडिया, निअर मुंबई’ म्हटलं. गावाचं नाव काय? नाशिक. ते थांबले. मग हसून म्हणाले, “नासिक? आमचे पूर्वज तिथल्या शाळेत शिकले.”

मला वाटलं, त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय.

नाशिकच्या माणसाला शरणपूर रोड माहीत असतो. सीबीएसकडून निघून कॅनडा कॉर्नरकडे जाणारा, कपड्यांची दुकानं, दवाखाने आणि क्लासच्या पाट्यांचा. त्या भागात आयईएलटीएसच्या क्लासला जाताना मी आणि मैत्रिणी ‘कॅनडाला जायला कॅनडा कॉर्नरला जावं लागतं’ हा विनोद वर्षभर करत होतो. पण शरणपूर हे नाव कुठून आलं, याचा विचार मी कधी केला नव्हता. शरण आलेल्यांचं पूर. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात ते वसवलं. पुढे तिथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रम सुरू झाला. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. सुटका झालेल्या मुलांना मुंबईत उतरवलं जायचं. त्यांतली बरीच नाशिकला पाठवली गेली.

क्षणभर डोळ्यांसमोर आणा. न्यासा सरोवराच्या बाजूचं, याओ वगैरे जमातींतलं आठ-दहा वर्षांचं पोर. गावावर धाड पडलेली, आईबाप कुठे गेले पत्ता नाही. शेकडो मैल पायपीट, मग गलबताचा तळ, मग मुंबईचा धक्का आणि मग गोदाकाठचं नाशिक. इथे त्याला नवं नाव मिळालं. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर. सुतारकाम, लोहारकाम शिकवलं गेलं, इंग्रजी शिकवलं गेलं, आणि आसपासची मराठी-हिंदुस्थानी कानावर पडून येत गेली. आफ्रिकेच्या इतिहासात या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणतात. नाशिकचं श्रेय मुंबईने नेणं हे फार जुनं दिसतं.

मुलं मोठी झाली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, आता परत आफ्रिकेत जा आणि आपल्या लोकांची सेवा करा. १८६४मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोंबासाजवळच्या राबाईला गेले. पुढच्या वर्षी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आला आणि मोहिमेसाठी त्याने नाशिकची नऊ पोरं घेतली. त्यांच्याबद्दल त्याने डायरीत फारसं बरं लिहिलेलं नाही. आळशी, कुरकुरी असाच सूर आहे. १८७२मध्ये नाशिकच्या पोरांची दुसरी तुकडी त्याला जाऊन मिळाली. जेकब वेनराइट त्यात होता. विशीतला, लिहिता-वाचता येणारा.

१८७३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. इथून पुढची गोष्ट मी मोंबासात, मच्छरदाणीत बसून, मोबाइलवर पहाटे तीनपर्यंत वाचत होते. जेकबची डायरी ऑनलाईन आहे.

साहेब मेला. हुकूम देणारं कुणी उरलं नाही. जवळचा समुद्रकिनारासुद्धा शेकडो मैलांवर. तिथेच पुरून आपापल्या वाटेला लागले असते तर कुणी दोष दिला नसता. आपल्या हातात मेलेल्या गोऱ्या माणसाचं प्रेत घेऊन फिरण्यात जिवाला धोकाच होता. सुसी आणि चुमा हे जुने सोबती पुढारी होते. सगळ्यांनी मिळून ठरवलं की याला घरी पोचवायचं. त्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव नि तारीख कोरली. शरीर मीठ लावून उन्हात वाळवलं, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळलं, आणि व्यापाराच्या मालाचं गाठोडं वाटेल असं बांधलं. मग ते चालायला लागले. दीड हजार किलोमीटरहून जास्त. साधारण नऊ महिने. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने सुचवलं की इथेच पुरून टाका. त्यांनी नकार दिला. फेब्रुवारी १८७४मध्ये ते टांझानियाच्या किनाऱ्यावर, बागामोयोला पोचले.

आणि मग त्यांचा पगार चुकता करून त्यांना निरोप देण्यात आला.

मी इथे फोन खाली ठेवला होता. एकटा जेकब पेटीबरोबर इंग्लंडला गेला, तोही मिशनने भाडं भरलं म्हणून. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला. पेटीच्या मानकऱ्यांत तो होता, बरोबर स्टॅन्ली वगैरे बडी मंडळी. सुसी आणि चुमाला तिकडे नेलं ते सगळं उरकल्यावर. जेकब पुढे आफ्रिकेत परतला, दुभाष्याची-शिक्षकाची कामं करत राहिला आणि १८९२मध्ये उरांबोला वारला.

लिव्हिंगस्टनवर त्यांचं प्रेम होतं का? इंग्रजी पुस्तकं ‘विश्वासू नोकर’ म्हणून मोकळी होतात. मला तो शब्द चीड आणतो. नोकर हुकमाने चालतो. हुकूम संपल्यावर जे नऊ महिने चालले, ते नोकरीत बसत नाही. पण म्हणून त्याला भक्तीही म्हणायला मी तयार नाही. स्वतःच्या आईबापाचं शेवटचं कुणी केलं की नाही, हे ज्यांना कधीच कळणार नव्हतं, अशी ही माणसं होती. हा माझा अंदाज आहे, इतिहास नाही.

याच दिवसांत, २०२३च्या डिसेंबरमध्ये, इकडे महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांचा बेमुदत संप सुरू झाला. आई मोर्चातून व्हिडिओ कॉल करायची. मागे गुलाबी साड्या, घोषणा, आणि तिचा अर्धा चेहरा. आईला पगार मिळत नाही, ‘मानधन’ मिळतं. तेव्हा ते दहा हजारांच्या आसपास होतं. पगार म्हटलं की ती कर्मचारी ठरते, मग पेन्शन आलं, ग्रॅच्युइटी आली. ‘सेविका’ म्हटलं की मान द्यायचा आणि धनाचं नंतर बघायचं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाला २०२२मध्ये सांगावं लागलं.

संपात केंद्राला कुलूप होतं. तरी आई एका घरी दिवसाआड जातच होती. तिथलं बाळ तीव्र कुपोषित होतं. स्वतःच्या पैशाने राजगिऱ्याचे लाडू नि शेंगदाणे घेऊन जायची, आणि कुणाला सांगू नको म्हणायची. कारण एक तर संपातल्या बायका चिडतील, आणि दुसरं म्हणजे वरचे लोक म्हणतील, बघा, मानधन न वाढवताही कामं होतातच की. दुसरं कारण तिला जास्त छळत होतं. प्रेमाने केलेलं काम हेच आपल्याविरुद्धचा पुरावा होईल, ही भीती मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

फ्रीअर टाउनच्या माणसांना ही भीती नक्की कळली असती. १८७५मध्ये, ज्यांनी शरणपूर वसवलं त्याच प्राइससाहेबांनी मोंबासासमोर हे गाव वसवलं आणि नाशिक-मुंबईहून सुमारे दीडशे आफ्रिकन तिथे आणले. शाळा, सुतारशाळा, भाषांतर, प्रार्थना, सगळं काम त्यांच्या अंगावर. अधिकार आणि मोठे पगार मात्र गोऱ्या मिशनऱ्यांकडे. १८६४ला आलेल्या जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा मिळून ‘रेव्हरंड’ म्हणवून घ्यायला १८८५ उजाडलं. एकवीस वर्षं! तक्रारी झाल्या, भांडणं झाली. मिशनच्या लोकांना हे नाशिकवाले उद्धट वाटायचे. हे वाचून मला फार बरं वाटलं.

त्यातला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो विल्यम जोन्स. किनाऱ्यावर तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. मळ्यांतून पळालेले गुलाम मिशनच्या गावात येत. मालक चिडून हल्ला करतील म्हणून मिशनला आणि इंग्रज अधिकाऱ्यांना ते नको असायचे. ठेवून घेऊ नका, असंच वरून सांगणं होतं. राबाई जोन्सच्या ताब्यात होतं आणि तिथे पळून आलेल्यांची संख्या वाढतच गेली. त्यांनी झोपड्या बांधल्या, शेतं केली. १८८८मध्ये प्रकरण हाताबाहेर जायला लागलं, तेव्हा ब्रिटिश कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने मालकांना भरपाई मोजली. १८८९च्या पहिल्या दिवशी राबाई आणि आसपासच्या मिशनांतल्या सुमारे १४०० माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले.

मी राबाईला गेले होते. मोंबासापासून तासाभराच्या अंतरावर, चढावर, नारळ आणि काजूची झाडं. तिथल्या छोट्या संग्रहालयाला पहिल्या जर्मन मिशनऱ्याचं, क्राफचं नाव आहे. मामा बरोबर होती. मी तिला जोन्सची गोष्ट सांगितली, नाशिकसकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याला कुणी पळून आलेल्याला ठेवायला सांगितलं नव्हतं ना?” नाही म्हटलं. “मग तो त्यांच्यातलाच होता,” ती म्हणाली आणि काजू विकणाऱ्या पोराशी भाव करायला गेली.

परतताना तिने मला, अगदी सहज, तिचा पगार सांगितला. माझ्या व्हॉलंटिअर भत्त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. ती तिथे अकरा वर्षं होती, मी आठ महिने. मुलांना ताप आला की आया तिला उठवत, मला नाही. निघताना संस्थेला अहवाल द्यायचा असतो. ‘तुम्ही काय शिकलात’ असा रकाना असतो. मी त्यात मामाचा पगार, माझा भत्ता आणि दोघींच्या कामाची यादी शेजारी शेजारी लिहून दिली. उत्तर आलं, नोंद घेतली आहे.

आईला मी घरी आल्यावर जेकब, जोन्स सगळं सांगितलं. तिला एकच शंका होती. इतकी वर्षं नाशिकला राहिलेली पोरं, तिकडे गेल्यावर त्यांना भाकरीची आठवण येत असेल का? तिकडे मक्याच्या पिठाची उगाली असते, म्हटलं, साधारण उकडीसारखी, पण घट्ट. मीठसुद्धा घालत नाहीत. आई हळहळली.

मामाशी अजून व्हॉट्सॲपवर बोलणं होतं. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. पगार वाढला आहे, पाचशे शिलिंगांनी. नवी व्हॉलंटिअर जर्मनीहून आली आहे, मुलगी चांगली आहे, पण तिला उगाली ढवळता येत नाही.