पाठ झटक!

वाईच्या आमच्या वाड्यात एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं, "पाठ झटक आधी!" शाळेला निघताना, पंगतीला बसताना, पाहुण्यांसमोर जाताना. भिंतीला जरा टेकलं की सदऱ्यावर पांढरा पट्टा उमटलाच. मग वाटेत जे मोठं माणूस भेटेल, आई, काकू, नाहीतर शेजारच्या वहिनी, ते पाठीवर दोन धपाटे घालायचं. एक चुन्यासाठी आणि दुसरा आगाऊ जमा.

१९५० ते १९६० च्या दरम्यान जन्मलेली आम्ही अकरा भावंडं, सख्खी आणि चुलत मिळून. सख्खं कोण नि चुलत कोण हे शाळेच्या दाखल्यापुरतं. ज्यांचं लहानपण अशा वाड्यात गेलं, त्यांच्याही पाठी अशाच पांढऱ्या झाल्या असतील. आता आम्ही एकत्र जमलो की जेवणखाण, आजारपणं आणि मुलांचे पगार हे विषय संपल्यावर गाडी हटकून चुन्यावर येते.

चुना घरात कुठे नव्हता? आजीच्या चंचीत पितळेचं चुनाळं. पाय मुरगळला की हळद-चुन्याचा गरम लेप. कोहळ्याच्या फोडी भिजवायला चुन्याची निवळी. आणि दिवाळीच्या आधी सफेदी. परसात पिंपात चुना विरलेला, त्यात चिमूटभर नीळ, थोडा डिंक. केकताडाच्या वाखाचा कुंचा भिंतीवर फिरायचा तेव्हा रंग आधी करडा दिसायचा आणि दुपारी उन्हं आली की भिंत हळूहळू पांढरी होत जायची. एकेक खण पांढरा होताना बघत बसणं हा सुटीतला एक कार्यक्रमच होता.

पण खरा सोहळा झाला तो न्हाणीघरावरच्या गच्चीच्या कोब्याचा. १९६१ ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. साल पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी पुण्याच्या आत्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. १२ जुलैला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आत्यांच्या वाड्याचं दगडी जोतं राहिलं, वरच्या पांढऱ्या मातीच्या भिंती मात्र पाण्यात भिजून बसल्या. "चुन्यातलं तेवढं राहिलं गं, मातीतलं गेलं," हे त्या येईल त्या प्रत्येकीला सांगत. त्यामुळेच की काय, आमच्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, गळकी गच्ची त्याच वर्षी करायची ठरवली.

वाड्यामागच्या मोकळ्या जागेत घाणी होती. जमिनीत गोल दगडी चर, त्यात उभं दगडी चाक, चाकाला आडवं लाकूड आणि लाकडाला जुंपलेला बैल. किल्ल्यांवर सहलीला गेल्यावर अशी घाणी दिसली की बरोबरीची मुलं "हे काय?" विचारत आणि आम्ही जाणत्यासारखे पुढे होत असू. हौदात चुन्याची कळी टाकली की पाणी फुसफुसायचं, खदखदायचं, वाफेचे लोट उठायचे. त्या वेळी आम्हाला ओसरीवर कोंडून ठेवत, कारण एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळाच जायचा. चुना विरला, मुरला, की मग एक पाटी चुना, एक पाटी वाळू, एक पाटी सुरखी असं घाणीत पडायचं. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. बैल दिवसभर फिरायचा आणि संध्याकाळी चरातला गारा लोण्यासारखा थापीवरून सुटायचा.

शेजारी दोन पिंपं होती. एकात हिरडे भिजत घातलेले, दुसऱ्यात काळा गूळ. गुळानं चुना पाण्यात अधिक विरघळतो, गारा मऊ राहतो, लवकर सुकून तडकत नाही. हे सगळं आम्हाला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पिंपाशेजारी गुळाची ढेप उघडी ठेवलेली आहे. तिसऱ्या दिवशी ढेप निम्मी झाली. गवंडीबाबांनी आम्हाला रांगेत उभं केलं, न रागावता प्रत्येकाच्या ओंजळीत हिरड्याचं पाणी ओतलं आणि म्हणाले, "ग्वाड खाल्लंसा, आता ह्ये बी चाखा." तोंडं अशी आखडली की बोलता येईना. अण्णांनी निकाल दिला तो निराळाच. कोठीतून नवी ढेप आणली, अकरा तुकडे केले आणि सांगितलं, "आपापल्या वाट्याचा गूळ आपल्या हातानं पिंपात टाका." आम्ही टाकला. सगळ्यांत धाकटी कडेवर होती, तिचा तुकडा आत्यांनी टाकला.

मग गच्चीवर विटांच्या रोड्यांचा आणि चुन्याचा वीतभर थर पसरला आणि बायका ओळीनं बसल्या, हातात लाकडी चोपण्या. सात दिवस चोपणं चाललं. एकीनं गाणं उचलायचं, बाकीच्यांनी ओढायचं आणि चोपण्या त्या ठेक्यावर पडायच्या. मधूनमधून गूळ-हिरड्याचं पाणी शिंपडायचं. सुरुवातीला आवाज ओला यायचा, चिखलात थाप मारल्यासारखा. सातव्या दिवशी तो टणटणीत झाला. वरून बारीक चुना घोटला, ओली गोणपाटं अंथरली आणि अण्णा रोज सकाळी संध्याकाळी झारीनं पाणी घालू लागले. ते विचारत, "मिस्त्री, कधी वाळायचं हे?" गवंडीबाबांचं उत्तर ठरलेलं, "आण्णा, घाई करू नगासा. चुन्याला दमानं घ्याया लागतं. माणूस म्हातारा हुतो, चुना पिकतो."

त्या बोलण्यातलं शास्त्र मला शाळेत सापडलं. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायॉक्साइड उडून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो कळी उरते. कळीला पाणी पाजलं की विरी चुना. तो भिंतीत बसला की गेलेला वायू हवेतून पुन्हा ओढत राहतो आणि वर्षांमागून वर्षं, बाहेरून आत, पुन्हा चुनखडीच होत जातो. म्हणजे गवंडी दगडाचं पीठ करतो आणि हवा त्याचा परत दगड करते. घाई कुठे करणार?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. भांडी वाजली, कडीपाटातून माती पडली, आम्ही पांघरुणांसकट चौकात. उजाडल्यावर बघितलं तर माजघराच्या भिंतीत कोनाड्यापासून खाली केसाएवढी भेग. अण्णा म्हणाले, "राहू दे, बघू." चारपाच पावसाळ्यांनी बघितलं तर भेगेच्या जागी नुसती पांढरी रेघ. भिंतीत झिरपणारं पाणी आतला मोकळा चुना विरघळवून बरोबर आणतं आणि बारीक भेगेत तो पुन्हा गोठतो. भूकंपानं पाडलेली भेग कुणी गवंडी न येता भरली होती. आम्हाला वाटे, सगळ्याच भिंती असं करत असतील.

पुढे अण्णा गेले, घाणीच्या चरात गवत उगवलं. गवंडीबाबाही गेले. त्यांची मुलं स्लॅबच्या कामांवर लागली, कारण चुन्याचं काम सांगणारंच कुणी राहिलं नव्हतं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. लग्नाला साखर नि घराला सिमेंट, दोन्हींसाठी वशिला लावायला लागायचा. १९८२ साली सरकारनं सिमेंटवरचं नियंत्रण काही अंशी उठवलं आणि पोती दुकानात दिसू लागली. आम्ही तोवर कमावते झालो होतो, पुण्यामुंबईला बिऱ्हाडं होती. दर दिवाळीला सफेदी, दर तीनचार वर्षांनी दरजा भरणं, हा त्रास कोण काढणार? दोष दुसऱ्या कुणाला देण्यात अर्थ नाही, ठरवलं आम्हीच. १९८४ च्या उन्हाळ्यात परसाकडच्या भिंतीला बाहेरून आतून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट. "आता पन्नास वर्षं बघायला नको," थोरला भाऊ म्हणाला. भिंत गुळगुळीत झाली. कुणाची पाठ पांढरी होईना. काकू तेवढ्या म्हणाल्या, "भिंत गार लागत नाही रे पूर्वीसारखी."

दुसऱ्या पावसाळ्यात कमरेएवढी ओल चढली. मग लोणा, पांढऱ्या मिठासारखी लव. रंगाला फोड आले. आम्ही खरवडून पुन्हा रंग दिला, पुन्हा फोड. बोटाच्या पेरानं ठोकलं की बद्द आवाज यायचा. एका सकाळी परातीएवढा पापुद्रा आपणहून खाली आला आणि त्याच्या पाठीला विटांची सालं चिकटलेली होती. आत हात घातला तर वीट भाजलेल्या मातीसारखी नव्हे, रव्यासारखी हाताला आली.

जुनी भिंत जमिनीतून पाणी ओढते, ते तिला कुठून तरी सोडायचं असतं. चुन्यातून ते सहज बाहेर पडतं. बरोबरच्या क्षारांनी चुना झिजतो, वीट राहते. म्हणून तर दरजा पुन्हापुन्हा भरायच्या असतात. झिजणं हे त्या चुन्याचं कामच होतं आणि आम्ही त्याला खोड समजलो. सिमेंटनं बाहेरची वाट बंद केली, पाणी आत तुंबलं आणि झिजायची पाळी विटेवर आली. एरवी लोक चुन्यानं चुना लावतात, आम्हाला सिमेंटनं लावला.

तरी कित्येक वर्षं आम्ही डागडुजीच करत राहिलो. शेवटी चुलतभावाची मुलगी जुन्या इमारतींच्या जतनाचं शिकून आली आणि तिनं आम्हाला चौकात बसवून सुनावलं. एका भावाची टूम निघाली, सगळाच गिलावा काढून दगडविटा उघड्या ठेवू, हल्ली हॉटेलांत असतं तसं. तेव्हा तिनं जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूसचं उदाहरण दिलं. १५९४ मध्ये बांधायला घेतलेलं आणि १६०५ मध्ये पूर्ण झालेलं ते चर्च जांभ्या दगडाचं. बाहेरून त्याला चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमलात, तो काढून टाकला. आज लोकांना वाटतं ते पहिल्यापासून तसंच तांबडं आहे. आणि गोव्याचा पाऊस थेट त्या सच्छिद्र दगडावर पडून तो झिजवतोय. "काका, गिलावा म्हणजे दागिना नाही," ती म्हणाली, "तो घोंगडी आहे."

घोंगडी म्हटल्यावर वाईकरांपुढे वाद उरत नाही.

काम काढलं. खर्चाची वर्गणी ठरली तेव्हा कॅनडातल्या भावानं सगळ्यांच्या आधी पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, "गुळाचे पैसे." मग त्या वर्गणीचं नावच ते पडलं. गुळाचे पैसे पोचले का, कुणाचे राहिले. अकरातले दोघं आता नाहीत, त्यांच्या मुलांनी न मागता दिले.

सिमेंट छिन्नीनं उतरवताना हलक्या हातानं, वीट जपत उतरवावं लागलं. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडीच ठेवली, आतली ओल जाऊ दिली. चुना तीन महिने खड्ड्यात पाण्याखाली मुरवला. घाणीला बैल मिळाला नाही, चाकीचं यंत्र आणलं. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात जाऊन जुना गिलावा हात लावून पाहिला. एका देवळाच्या कामावरचे गवंडी मिळाले, पन्नाशीचे, त्यांना वडिलांचा हात आठवत होता. प्रमाण मात्र सांगितलं ते आत्यांनी, नव्वदी ओलांडलेल्या, खुर्चीत बसून. गिलाव्यासाठी ताग किती लांब कापायचा तेही, "पेरभर, जास्त नको, थापीला अडकतो."

हिरडे भिजले आणि तो तुरट वास परसात पसरला. आम्ही सगळे साठीच्या पुढचे. एकमेकांकडे बघितलं आणि तोंडं आपोआप आखडली.

सहा महिन्यांनी पुतणीनं नमुन्याचा तुकडा फोडून त्यावर एक औषध फवारलं. कडेचा थोडा भाग पांढराच राहिला, आतला गडद गुलाबी झाला. "गुलाबी म्हणजे अजून कच्चा. कडा पिकली, आतलं व्हायचंय." आत्या बघत होत्या. "त्याला औषध कशाला? हळद आणा." हळदीचं पाणी टाकलं. आतला भाग कुंकवासारखा लाल झाला, कडेला हळद जवळपास पिवळीच राहिली. पूर्वी कुंकूही हळदीत चुना घालून करत. पुतणीनं दोन्ही तुकड्यांचा फोटो काढला आणि आत्या विजयी मुद्रेनं पान जमवू लागल्या.

यंदा दिवाळीला सगळे जमले होते. सफेदी कालच झालेली, निळीची झाक अजून दिसत होती. थोरल्याचा नातू काळा टी-शर्ट घालून बाहेर निघाला, मोबाइल बघत माजघराच्या भिंतीला टेकला, मग दाराकडे वळला.

"पाठ झटक आधी!" तीन बाजूंनी एकदम आवाज आला. तो दचकून थांबला. त्याला काही समजेना. आम्ही चौघं उठलो होतो, सगळ्यांचे हात वर.