माजघरातला रेडिओ

आमच्या घरी रेडिओ माजघरात होता, आणि ते फार बरं झालं. वर्तमानपत्र आधी ओसरीवर पुरुषांच्या हाती पडे. आई-काकूंना ते मिळायचं दुपारची झाकपाक झाल्यावर. बातम्या मात्र भाकरी थापता थापताच त्यांच्या कानावर येत. घरातल्या बायकांना राजकारण कळू लागलं ते रेडिओमुळे, यावर आम्हा चुलत भावंडांचं पूर्ण एकमत आहे.

सेट वॉल्व्हचा. बटण फिरवलं की दिवा लगेच लागे, आवाज सावकाश येई. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल ताणलेली. लायसन्सचे पैसे दरवर्षी पोस्टात भरायचे. पुढे चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर आला तो थेट स्वयंपाकघराच्या फडताळातच जाऊन बसला, आणि उतरलेले सेल उन्हात ठेवायचं काम आम्हा मुलांकडे आलं.

मराठीतल्या प्रादेशिक बातम्या घरच्याच वाटत. आजीला ओढ होती ती दिल्लीहून येणाऱ्या हिंदी बातम्यांची, त्यातही देवकीनंदन पांडे यांच्या आवाजाची. ती चौथीपर्यंत शिकलेली. हिंदी तिला कोणीच शिकवली नव्हती. काशीयात्रेला निघाली तेव्हा गाडीत उत्तरेकडच्या बायकांशी ती रेडिओवरच्या त्या स्वच्छ, जड हिंदीत बोलू लागली. त्यांना वाटलं, ही शाळेतली बाई असावी. सरकून त्यांनी तिला खिडकीची जागा दिली. आजीच्या त्या प्रवासाचा मला आजही अभिमान वाटतो.

26 जून 1975च्या सकाळी इंदिरा गांधींनी रेडिओवरून आणीबाणी लागू झाल्याचं सांगितलं. त्यानंतर बातम्यांचा सूर पालटला, हे काकूनं सगळ्यांच्या आधी ओळखलं. तिचं माहेर कऱ्हाडचं. त्या वर्षी डिसेंबरात तिथल्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, ते तिला माहेरच्या माणसांकडून कळलं. एका बाईनं भर मांडवात एवढं बोलावं, याचं तिला विलक्षण बळ आलं असणार. तेव्हापासून ती काकांना रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसीची हिंदी सेवा लावायला सांगू लागली. खरखरीतून आवाज येई-जाई. ती हातातलं काम थांबवून ऐके.

तोवर घरातली सगळी मतं एकाच चिन्हावर पडत आणि ते चिन्ह आजोबा सांगत. मार्च 1977मध्ये काकू जेवणं वाढता वाढता म्हणाली, "मामंजी, यंदा माझं मी बघते." आजोबा मान खाली घालून जेवत राहिले. रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्याचं कळलं त्या दिवशी काकांनी तिला खोदून खोदून विचारलं. तिनं सांगितलं नाही. त्यांना नाही, आम्हालाही नाही. भावंडं जमलो की तिनं कुणाला मत दिलं असेल यावर आमच्यात अजून दोन तट पडतात.