गजावरची खाच

आमच्या खानापूर तालुक्यात भाताच्या लोंब्या भरू लागल्या की घरातला एक तरी पुरुष रात्री माळ्यावर असायचा. डुकरांचा कळप एकदा शिवारात शिरला की वर्षाचे अन्न एका रात्रीत चिखलात जाते. माझ्या लहानपणी काकांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, काथ्याचा बोळा ठासायचा, वर छर्रे, पुन्हा बोळा. दारूचे माप म्हणजे बांबूचे एक पेरभर मापटे. ते माजघरात खुंटीवर टांगलेले असे. लोखंडी गजावर काकांनी कानशीने एक खाच पाडली होती. रिकाम्या नळीत गज सोडला की खाच बरोबर तोंडाशी येई. खाच वर राहिली तर समजायचे, आत बार आहे.

ही खाच मला पुन्हा आठवली ती 2023 च्या मे महिन्यात, पेनसिल्व्हेनियात. शाळेला सुटी लागल्यावर आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. तिच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. सारी हयात लेथवर गेलेली. तिकडे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, हरणांच्या शिकारीसाठी, कित्येक शाळांना सुटी असते, हे त्यांनीच मला सांगितले. मुख्याध्यापकाला सुट्यांच्या याद्यांचा नाद असतोच. मी ऐकून थक्क झालो.

हे गृहस्थ आपल्या रायफलीची काडतुसे घरामागच्या शेडमध्ये स्वतः भरतात. तिथे त्याला मुभा आहे. आपल्याकडचे कायदे निराळे. रायफल 45-70 जातीची. अमेरिकन सैन्याने 1873 साली स्वीकारलेले हे काडतूस. गोळी 0.45 इंची, तिच्यामागे 70 ग्रेन काळी दारू, आणि गोळीचे वजन 405 ग्रेन. ग्रेन म्हणजे किती, ते मला उमगेना. मग लहानपणची कोष्टके आठवली. इंग्रजांनी तोळा ठरवला तो 180 ग्रेनचा. म्हणजे ही गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची! आमच्या हिला सांगितले, तर ती म्हणाली, "एक पाटली झाली की."

गोळ्या ओतण्याचे काम मी एक सकाळभर पाहिले. वीस भाग शिसे, एक भाग कथील. कढीत ते वितळले की चांदीसारखे झळकते. मे महिन्यातही म्हाताऱ्याच्या अंगात लांब बाह्यांचा सदरा, हातांत चामड्याचे मोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा. मी कॉफीचा कप घेऊन आत शिरलो, तर त्यांनी मला सरळ दाराबाहेर काढले. रसात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे तोंडावर उडते. शिवाय शिशाची धूळ कपावाटे पोटात जाते ती वेगळीच. दार-खिडक्या उघड्या. काम संपल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तेव्हा कुठे कॉफी. ओतलेली प्रत्येक गोळी काट्यावर चढायची. कमी भरली की आत पोकळी आहे असे समजून परत कढीत.

खरी गंमत, किंवा धास्ती म्हणा, दारूची. हल्लीची बिनधुराची दारू जुन्या काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस. काळी दारू पुंगळीत तोंडापर्यंत यायची, दोनदा ओतायला जागाच नसे. ओतीव शिशाच्या गोळीला मात्र पुष्कळदा नवी दारू थोडीशीच लागते, ती तळाशी पडून राहते. वर जागा रिकामी. चुकून दुसऱ्यांदा ओतली तरी बाहेरून काही कळायचे नाही. आणि गोळी जितकी जड, तितकी ती पुढे सरकायला नाखूश; मागचा दाब भराभर चढतो. म्हणून हलक्या गोळीचे माप जड गोळीला चालत नाही. एका रायफलीचे दुसरीला चालत नाही. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची एक स्प्रिंगफील्ड होती आणि एक नवी. काडतूस एकच, पण पुस्तकात दोघींची कोष्टके वेगळी, आणि नवीसाठी भरलेले काडतूस जुनीत गेले तर तिच्या चिंधड्या व्हायच्या. दोघींचे डबे दोन रंगांचे, दोन कपाटांत.

कन्नडमध्ये मद्दु म्हणजे औषध, आणि बंदुकीची दारूही मद्दुच. आपला दारू हा फारसी शब्दही मुळात औषधाचाच. दोन्ही भाषांनी ही गोष्ट मात्रेच्या खात्यात का टाकली, ते मला, मराठीच्या एम. ए.ला, त्या शेडमध्ये समजले. रोगी पाहून मात्रा. पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून आरंभ, पाच काडतुसे भरायची, झाडून पाहायची, मग किंचित वाढ. पुंगळी निघताना अडली किंवा मागची टिकली चपटली तर मागे फिरायचे. पण जुनी रायफल अशी सूचना देईलच असे नाही, म्हणून तिच्या बाबतीत पुस्तकाची मर्यादा ती मर्यादा. आणि सर्वांत जोरदार बार त्यांना नकोच होता. ज्या मापाला पाची गोळ्या एकमेकींना खेटून बसतात, तिथे ते थांबत.

टेबलावर एका वेळी एकच दारूची बरणी. पन्नास भोकांच्या फळीत पुंगळ्या आधी उलट्या मांडलेल्या. एक सुलटी करायची, दारू घालायची. सगळ्या भरल्या की बॅटरीच्या उजेडात ओळीने प्रत्येकीत डोकावून दारूची पातळी पाहायची. त्यानंतरच गोळी बसवायची. मध्येच फोन वाजला तर त्यांनी तो घेतला नाही.

ती बॅटरी एकेका पुंगळीवरून सरकताना पाहून माझ्या तोंडून निघून गेले, "आमच्याकडे गजाला खाच होती."

मग सांगावेच लागले. 1981 सालचा आश्विन. मी बारा वर्षांचा. बंदुकीला हात लावायची मला सक्त मनाई. संध्याकाळी काका गोठ्यात असताना मी बार भरला. का, तर मला येते हे स्वतःला दाखवायला. आईने जेवायला हाक मारली आणि मी सगळे तसेच टाकून पळालो. रात्री काकांनी अंधारात वरून दुसरा बार ठासला. मध्यरात्री आवाज झाला तो नेहमीचा नव्हता. नळी फाटली होती. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. मी जागा होतो. बोललो नाही. "नळी जुनी होती," एवढेच काका पुढे सगळ्यांना सांगत राहिले.

म्हाताऱ्याने बॅटरी विझवली. "त्यांनी खाच पाहिली नाही?"

"नाही. घरात भरणारे ते एकटेच होते ना."

ते काही बोलले नाहीत. राहिलेली काडतुसे त्यांनी त्या दिवशी भरली नाहीत.

काका 2009 साली गेले. बंदूक त्या अपघातानंतरच पोलिसांत जमा झाली होती, गज मात्र घरी राहिला. माजघरात त्यावर आता पंचे वाळतात. त्या वर्षी गणपतीला गावी गेलो तेव्हा मी पंचे बाजूला सारून खाचेत नख घालून पाहिले. चुलतभाऊ जवळच आरतीची ताटली पुसत होता. बेचाळीस वर्षे गिळलेली गोष्ट मी त्याला सांगितली.

तो ताटली पुसतच राहिला. "बाबांना ठाऊक होतं, दादा," तो म्हणाला. "त्या रात्री मापटं खुंटीवर नव्हतं. जोत्यावर सापडलं होतं त्यांना."