न्यायचे, आणायचे, म्हणायचे

क्रियापदाची रूपे अभ्यासताना 'जात असे' किंवा 'जायचा' या रूपाला आपण रीतिभूतकाळ असे नाव दिले. भूतकाळात वारंवार घडणारी, सवयीची क्रिया त्यातून व्यक्त होते, ही व्याख्याही तुम्ही वहीत उतरवून घेतली असेल. व्याख्या बरोबर आहे; परीक्षेत तीच लिहा. येथे मात्र मी या रूपाकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहणार आहे, आणि त्यासाठी उदाहरण माझ्या घरातले घेणार आहे.

'बाबा मला रविवारी किल्ल्यावर न्यायचे.'

हे वाक्य मी गेली पंचेचाळीस वर्षे बोलत आलो आहे. माझे वडील १९८० साली, वयाच्या ३६व्या वर्षी गेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. अगदी लहानपणीचे कोणालाच फारसे आठवत नाही; ती वर्षे सोडली तर माझ्या वाट्याला बाबांची जेमतेम पाच वर्षे आली. त्यांतूनही दिवाळी अंकांच्या छपाईचे महिने वजा केले पाहिजेत, कारण त्या दिवसांत ते मला जागेपणी दिसतच नसत. आई हिशेबाला पक्की होती. तिच्या मते आम्ही दोघे किल्ल्यावर चार वेळा गेलो. फार तर पाच.

चार वेळा घडलेल्या गोष्टीला 'न्यायचे' म्हणता येईल काय?

किल्ला म्हणजे शीवचा. उपनगरी गाडीतल्या प्रवाशांच्या तोंडी 'सायन' असले, तरी स्थानकाच्या मराठी फलकावर 'शीव' हेच नाव आहे. संस्कृत 'सीमा' या शब्दापासून ते आले. 'ग्राम'चे 'गाव' झाले, 'नाम'चे 'नाव' झाले, त्याच वाटेने 'सीमा'तल्या मकाराचा वकार झाला. आणि पुढे 'ई' असल्यामुळे 'स'चा 'श' झाला. नाव सार्थ आहे. सतराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला गेला तेव्हा अलीकडचे परळ बेट इंग्रजांचे आणि खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगिजांची होती. १७३७ नंतर पलीकडे मराठे आले. बाबांना हा इतिहास ठाऊक होता असे मला वाटत नाही. ते सातारा जिल्ह्यातले. त्यांच्या बोलण्यात गावाची शीव, शिवेवरच्या बाभळी, शिवार हे शब्द सहज येत. टेकडीवरून उत्तरेकडे हात करून त्यांनी मला 'ही मुंबईची शीव' असे सांगितले, ते या घरच्या शब्दाच्या बळावर. व्युत्पत्तीचा माझा पहिला पाठ तो होता, असे आज म्हणता येईल. त्या वेळी माझे सगळे लक्ष खाली मिळणाऱ्या चण्यांकडे होते.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शीवहून दादर, तेथे पूल ओलांडून चर्नी रोडची गाडी, असा त्यांचा रोजचा प्रवास. आता संगणकावर अक्षरजुळणी शिकलेल्या तुम्हा मंडळींना ते काम कल्पनेनेच समजून घ्यावे लागेल. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून ओतलेला एकेक खिळा लाकडी खणांतून उचलायचा आणि हातातल्या स्टिकमध्ये ओळीने लावायचा. इंग्रजीचे थोड्या खणांत भागते. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे कितीतरी अधिक खण लागत, आणि कोणता खिळा कोठे आहे हे डोळ्यांपेक्षा बोटांना ठाऊक असावे लागे. स्टिकमधली अक्षरे उलटी दिसतात. त्यामुळे कंपोझिटरला उलटे वाचण्याची इतकी सवय होते की ती घरीही सुटत नाही. मी दिव्याखाली शुद्धलेखन लिहीत असे आणि बाबा समोर बसून, वही माझ्याकडेच ठेवून, त्यांच्या बाजूने उलटे वाचत माझा चुकलेला दीर्घ ऊकार दाखवत. ही गोष्ट मात्र खरोखरच अनेकदा घडली. तेथे रीतिभूतकाळ वापरायला आईचीही हरकत नव्हती.

दिवाळीआधीच्या दोन-तीन महिन्यांत छापखाने रात्रपाळीत चालत. बाबा ती जादा रात्रपाळी मागून घेत. माझी शाळा, बूट, पुस्तके त्यातून होत. पहाटे घरी येताना ते रद्द झालेल्या प्रुफांचे कागद आणत. एका बाजूला कोणाची तरी कथा, दुसरी बाजू कोरी. माझे पाढे त्या कोऱ्या बाजूवर झाले. कथाही मी वाचत असे. बहुतेकींचा शेवट दुसऱ्याच कागदावर असे आणि तो कागद कधी येत नसे.

त्यांचे आजारपण दहा दिवसांचे. कावीळ झाली, अंगावर काढली, मग उशीर झाला. त्यांना रुग्णालयात नेताना मी टॅक्सीच्या दाराशी उभा होतो. ते म्हणाले, "वही दाखवायची राहिली ना? आल्यावर बघतो."

येथे मला शिक्षक म्हणून थोडे थांबू द्या. हे 'म्हणाले' आहे, 'म्हणायचे' नाही. ते एकदाच घडले, म्हणून भूतकाळाचे साधे रूप. आणि 'बघतो' हे वर्तमानकाळाचे रूप असून अर्थ भविष्याचा आहे. मराठीत आपण जे नक्की आणि लवकर करणार असतो त्यासाठी हे रूप वापरतो. 'बघेन' म्हणताना बोलणारा थोडी जागा मोकळी ठेवतो. बाबांनी ती ठेवली नव्हती. व्याकरण शिकवायला लागून मला तीस वर्षे होतील, पण हे उदाहरण वर्गात फळ्यावर लिहिण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. येथे ते छापले जात आहे, हे त्यातल्या त्यात सोपे.

पुढे आईने शिवणाचे यंत्र घेतले आणि तिने आमचे घर चालवले. तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

अभ्यासक्रमात तुम्हांला आधुनिक मराठी कवितेचा आरंभकाळ आहे. त्या कवींची आयुष्ये पाहिलीत तर छाती दडपते. केशवसुतांनी चाळिशी गाठली नाही, बालकवी तिशीही नाही. त्यांतला सर्वांत अल्पायुषी कवी दत्त, म्हणजे दत्तात्रेय कोंडो घाटे. जन्म १८७५, मृत्यू १८९९. चोविसाव्या वर्षी आयुष्य संपले. त्यांचे एक अंगाईगीत पुष्कळांना आजही पाठ आहे. त्यातले घर झोपडीचे, कुडाच्या भिंती कुजलेल्या, उंदरांनाही कण मिळत नाही असे. बाळाला झोपवता झोपवता तो जीव कबूल करतो की तुला जन्म दिला, पण तुझ्यासाठी मागे काही ठेवले नाही. ते गीत नेमके कोणत्या बाळासाठी, या वादात मी शिरत नाही. एवढे खरे की कवी गेला तेव्हा त्याचा मुलगा विठ्ठल चार वर्षांचा होता.

तो मुलगा म्हणजे पुढचे लेखक आणि शिक्षणतज्ज्ञ वि. द. घाटे, 'दिवस असे होते' हे आत्मचरित्र लिहिणारे. १९२२ साली त्यांनी वडिलांच्या कविता एकत्र करून 'दत्तांची कविता' हा संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. वडिलांना जे वय कधी मिळाले नाही त्या वयाचे. चार वर्षांच्या मुलापाशी वडिलांविषयी 'न्यायचे', 'आणायचे' म्हणण्याजोगे कितीसे असणार? त्यांच्यापाशी कागद होते. आणि अंगाईगीत नेहमी द्वितीय पुरुषी असते, हे विसरू नका. 'तू' म्हणून ते ज्याला उद्देशून आहे त्याला तेव्हा भाषा कळत नसते. संपादन करणाऱ्या तरुणाला ती चांगलीच कळत होती.

माझ्या बाबांनी स्वतःचे असे काही लिहिले नाही; दुसऱ्यांचे लिहिलेले जुळवले. आज मी त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठा आहे. माझे काही जुने विद्यार्थी त्या वयाचे आहेत आणि त्यांना मी 'अरे' म्हणतो. बाबांविषयी बोलताना मात्र 'ते आले', 'ते बसले' हे आदरार्थी बहुवचन आपोआप येते, आणि आईविषयी 'ती आली'. वयाचा त्याच्याशी संबंध नाही. नऊ वर्षांच्या मुलाने एकदा लावलेली रूपे आहेत ती.

आता चार वेळांच्या प्रश्नाकडे. रीतिभूतकाळासाठी क्रिया किमान किती वेळा घडावी, याचा आकडा कोणत्याही व्याकरणात नाही. माझ्या मते तो देता येणारही नाही, कारण हे रूप मोजणी सांगत नाही, माणसाचे वळण सांगते. आठवड्यातली एकुलती सुटी मिळाली की हा माणूस झोपण्याऐवजी मुलाला घेऊन टेकडी चढे, एवढेच 'न्यायचे' या शब्दात आहे. आई त्यावर म्हणे, "तू आपलं न्यायचेच म्हण."

स्वाध्याय: घरातल्या एखाद्या गेलेल्या माणसाविषयी वडीलधाऱ्यांना बोलते करा आणि त्यांचे बोलणे शक्य तितके जसेच्या तसे लिहून घ्या. 'म्हणाला' किती वेळा आले आणि 'म्हणायचा' किती वेळा, ते मोजा. मोजणी तुमच्यापाशीच ठेवा. अभ्यासकेंद्राकडे पाठवू नका.