किती ब्रास?

आमच्या घरात घमेल्याला कसली प्रतिष्ठा नव्हती. न्हाणीच्या मागे, सरपणाशेजारी ते उपडं पडलेलं असायचं. शेण भरायला, शेंगा वाळवायला, बंबातली राख काढायला घ्यायचं आणि काम झालं की पुन्हा तिथंच टाकायचं. पण मी ते उचललं की आजीचं लक्ष जायचं. माती भरून कमरेवर घेतलं तर म्हणायची, "कंबर मोडंल. डोक्यावर घे. आदी चुंबळ कर." जुन्या लुगड्याची पट्टी हाताभोवती गुंडाळून ती बघता बघता चुंबळ वळायची आणि माझ्या डोक्यावर दाबून बसवायची.

१९७२च्या दुष्काळात आजीनं कामावर माती वाहिली होती. आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. याच तालुक्यात १९६५ साली वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगाराची हमी देण्याचा प्रयोग सुरू झाला. दुष्काळात तो राज्यभर गेला आणि २६ जानेवारी १९७९पासून त्याचा कायदा अमलात आला. हे मला पुष्कळ पुढं पुस्तकांतून कळलं. आजीच्या तोंडी पाग्यांचं नाव कधी आलं नाही. तिच्या बोलण्यात मुकादम असायचा, कामावर मिळणारी सुकडी असायची, आणि सगळ्यात जास्त असायचं ते मोजमाप. जमीन मऊ होती का कठीण मुरूम, माती किती लांब नेली, किती उंच चढवली, यावर पैसे ठरायचे. खड्डा खणताना मध्ये मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवायचे. मूळ जमीन कुठवर होती याचा तो पुरावा. काही जण रात्रीतून त्या खुंटाच्या डोक्यावर माती थापून त्याची उंची वाढवत आणि मोजायला येणारा साहेब तो काठीनं टोचून बघत असे. हे सांगताना आजी हसायची.

एक गोष्ट मात्र ती हसून सांगत नसे. कामावर जोडी लागायची, गड्यानं खणायचं आणि बाईनं वाहायचं. आमचे आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते. गडी नाही म्हणजे खणणारं कोणी नाही आणि खणल्याशिवाय मापात काही येत नाही. शेवटी आजी आणि तिची थोरली जाऊ, दोघींनी मिळून जोडी केली. एकीनं टिकाव मारायचा, दुसरीनं वाहायचं आणि दुपारनंतर अदलाबदल. मुकादमानं आधी नाक मुरडलं, मग नाव घातलं.

मी सांगलीच्या कॉलेजात गेले तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं, ते यातल्या कशामुळेही नाही. ग्रेसचे मार्क मिळतात असं वरच्या वर्गातल्या मुली सांगत आणि हिवाळ्यात सात दिवस घराबाहेर राहायला मिळतं, हे त्याहून मोठं आकर्षण होतं. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. बॅजवरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराचं आहे. वर्षाला १२० तास काम करायचं असतं. पहिल्याच बैठकीत सरांनी हे पाठ करून घेतलं. १२० तास म्हणजे काय ते शिबिरात गेल्यावर कळलं.

शिबिर जत तालुक्यात होतं, जिल्ह्याच्या अगदी पूर्वेला, जिथं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मराठीआधी कानडी येते. २००३चा दुष्काळ ताजा होता, चारा छावण्यांच्या आठवणी सगळ्यांच्या बोलण्यात होत्या. गावाच्या वरच्या अंगाला दुष्काळी कामांतून झालेला एक पाझर तलाव होता. पाझर तलावानं पाणी साठवून ठेवायचं नसतं; ते जमिनीत मुरवायचं असतं, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटतो. पण तळाशी बारीक गाळ बसत गेला की मुरण्याच्या वाटा बुजतात. मग उरतं ते उन्हानं आटणारं डबकं. तो गाळ काढायचं काम आमच्याकडे आलं.

टेम्पोतून घमेली उतरली. प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं कॉलेजचं नाव. आम्ही तळापासून बांधाच्या कडेपर्यंत साखळी करून उभे राहिलो आणि हातोहात माती वर जाऊ लागली. पहिल्या दिवशी घोषणा, गाणी, फोटो. दुसऱ्या दिवशी हाताला फोड आले आणि गाणी बंद झाली. माझा आवाज मोठा म्हणून सरांनी मला गटप्रमुख केलं. निवडीचा दुसरा निकष काय होता, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

मोठ्या आवाजाचा उपयोग पहिला अर्धा तास झाला. पुढं लक्षात आलं की साखळी अडते ती भरलेल्या घमेल्यांमुळे अडत नाही. भरलेलं घमेलं जड असतं, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, जो तो ते पुढच्याच्या हातात देऊन मोकळा होतो. अडतात ती रिकामी. वरच्या टोकाला त्यांचा ढीग साचतो आणि खाली खणणारे हात कमरेवर ठेवून उभे. मग "चला, चला, लवकर" असं ओरडून भागत नाही. मी ओरडणं सोडलं, वरच्या टोकाला जाऊन बसले आणि रिकाम्या घमेल्यांसाठी बाजूनं दुसरी, विरळ रांग लावली. त्या रांगेत दमलेल्यांना उभं करायचं म्हणजे त्यांनाही विसावा मिळे. नेतृत्वावरची भाषणं पुढं बरीच ऐकली, काही स्वतः दिलीही. त्यांत रिकाम्या घमेल्यांचा विषय कुठं निघाला नाही.

दुसरा बदल भांडून करावा लागला. मुलांनी खणायचं आणि मुलींनी वाहायचं अशी विभागणी न बोलताच झाली होती. मी तीन मुलींना टिकाव दिले तेव्हा मुलं हसली आणि काठावर बसलेले गावकरीही. काठावरची एक म्हातारी मात्र उठून खाली आली आणि एकीच्या हातातला टिकाव घेऊन काहीतरी कानडीत बोलली. आमच्यातल्या जतच्याच एका मुलीनं सांगितलं, "आजी म्हणतात, मूठ ढिली सोड, नाहीतर खांदा जाईल." तोवर ती मुलगी स्वयंपाकाच्या गटात मागं मागं असायची. त्या दिवसापासून गावातली कुठलीच बैठक तिच्याशिवाय झाली नाही. सरांची बौद्धिकं ती कानडीत सांगताना निम्म्यावर आणायची, आणि आमचं मत असं की सुधारूनच आणायची.

शेवटून दुसऱ्या दिवशी काठावरचा एक तरुण म्हणाला, "एवढं जेसीबी अर्ध्या दिवसात काढतोय की, मॅडम." मला मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस. सर शेजारीच होते. त्यांनी श्रमसंस्कार, गावाशी नातं वगैरे नेहमीचं उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं, पण त्या तरुणाचा प्रश्न तसाच राहिला होता आणि ते त्यालाही दिसत होतं.

घरी आले. सोललेले तळवे आजीला दाखवले, प्रमाणपत्र दाखवलं. तिनं तळव्यांना खोबरेल लावलं आणि विचारलं, "किती ब्रास झालं?"

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आमच्याकडे वाळू, मुरूम, खडी सगळं ब्रासवर चालतं. मी म्हटलं, मोजलं नाही. "हजेरी घेतली का?" हो, रोज दोनदा. "हजेरी घेतली आन् काम न्हाई मोजलं?" तिला ते खरंच कळेना. माणसं मोजायची आणि माती मोजायची नाही, असलं काम तिनं पाहिलं नव्हतं. तिच्या कामावर एक बुट्टी कमी धरली तर संध्याकाळच्या भाकरीत फरक पडायचा. आम्हांला मापाची गरज नव्हती, कारण आमची भाकरी आधीच ठरलेली होती, मेसच्या फळ्यावर लिहिलेली. श्रमदान आणि मजुरी यांतला एवढा सरळ फरक मला तोवर कुणी दाखवला नव्हता.

माझा विषय भूगोल. दुसऱ्या वर्षाला सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक असे: डंपी लेव्हल तिपाईवर बसवायची, बुडबुडा मध्यावर आणायचा, दुर्बिणीतून उलटी दिसणारी पट्टी वाचायची आणि वहीत मागचं वाचन, पुढचं वाचन भरत जायचं. आम्ही हे कॉलेजच्या मैदानावर करायचो. सपाट मैदानाचे उंचसखल बिंदू काढून काढून आम्ही कंटाळलो होतो. पुढच्या शिबिरासाठी मी विभागप्रमुखांकडे ते यंत्र मागितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, रजिस्टरवर सही घेतली आणि म्हणाले, "भिंग फुटलं तर तू पासही होणार नाहीस." एसटीत जतपर्यंत ती पेटी मी मांडीवर घेऊन बसले.

गाळ काढण्याआधी तळाच्या पातळ्या घेतल्या, काढल्यावर पुन्हा घेतल्या. आचाऱ्याच्या भाजीच्या काट्यावर घमेलं जोखलं: भरगच्च भरलं तर पंधरा किलोच्या आसपास. म्हणजे एका ब्रासला जवळजवळ तीनशे घमेली. वहीतले आकडे जुळवून आमचं काम चाळीस ब्रासच्या आसपास भरलं. साठ तरुण मुलं, आठवडाभर, आणि चाळीस ब्रास! आजीच्या मुकादमानं आम्हांला उभं केलं नसतं. तो जेसीबीवाला तरुणही बरोबर होता. यंत्राला एवढ्यासाठी अर्धा दिवस पुरला असता.

पण त्याच हिशेबाची दुसरी बाजूही निघाली. चाळीस ब्रास म्हणजे सुमारे ११३ घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे अकरा टँकर भरतील एवढी जागा तळ्यात झाली होती. शिवाय तळं भरून मुरलं की ती जागा पुन्हा रिकामी होते, पुढच्या पावसाला पुन्हा भरते. टँकर एकदाच रिता होतो.

समारोपाला गटप्रमुखांनी मनोगत सांगायचं असतं. मनोगतांची एक ठरलेली चाल असते, सुरुवातीला सर्वांचे आभार आणि शेवटी डोळ्यांत पाणी. मी वही उघडून आकडे वाचले. मागं पेंगत बसलेले म्हातारे जागे झाले. एक जण उठून म्हणाला, गाळ ओला होता, ओल्याचं वजन धरू नका. दुसरा म्हणाला, वजनाचं काय घेऊन बसलाय, खड्डा मोजलाय तिनं. मग पाण्यावरून वाद लागला, विहीर कुणाची किती खाली, पाझर कुठल्या बाजूला जातो, सांडवा कुणी फोडला. सरपंचांना मध्ये पडावं लागलं. पाहुण्यांचं भाषण राहून गेलं, त्याबद्दल सर माझ्यावर दोन दिवस रागावलेले होते. मला मात्र वाटतं, आठवडाभरात गाव आमच्याशी खऱ्या अर्थानं बोललं ते त्या अर्ध्या तासात. आम्ही माती उचलत होतो तोवर ते कौतुकानं बघत होते. आकडे निघाल्यावर ते भांडायला आले, म्हणजे त्यांनी आम्हांला कामाची माणसं मानलं.

ती वही पुढं माझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा पाया झाली आणि मग एम.ए.चा. परीक्षकांनी त्यातल्या भाजीच्या काट्यावर आक्षेप घेतला होता.

मी शिकवायला लागले आणि काही वर्षांनी सेवा योजनेचं काम आपोआप गळ्यात आलं. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत पाणी शिरलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर मुलांना घेऊन गावभागात गेले. माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या ओळखीच्या गल्ल्या, आणि घराघरांत घोट्याच्या वर चिखल. त्यात गाद्या, धान्य, वह्या, मेलेले उंदीर. त्याच जिल्ह्याचा पूर्वभाग तेव्हाही कोरडाच होता. इथंही गाळ, इथंही घमेली, पण तोंडाला रुमाल आणि पायात गमबूट, आणि कुणालाही घोषणा द्यायचं सुचत नव्हतं. माजघरापासून रस्त्यापर्यंत साखळी लागली. मी काही सांगायच्या आत एक बारकीशी मुलगी दाराशी जाऊन रिकामी घमेली मागं सारायला लागली. तिला कुणी शिकवलं होतं, माहीत नाही. बहुधा कुणीच नाही. जिचं कामाकडे लक्ष असतं तिला ते दिसतंच.

त्या घरातल्या आजींनी आमच्याकडे चिखल किती निघाला असं विचारलं नाही. त्या एका ट्रंकेपाशी बसून होत्या. तिथं मीही मोजलं नाही. मोजण्याचं एवढं माहात्म्य सांगून झाल्यावर हे लिहिणं भाग आहे.

विद्यापीठाच्या अहवालात स्वयंसेवक किती, तास किती, झाडं किती यांचे रकाने असतात. घनमीटरांचा नसतो. मी मोजमापाचं एक पान मागं जोडते. ते कुणी वाचतं असं वाटत नाही, पण परतही आलेलं नाही. गेल्या शिबिरात पहिल्याच संध्याकाळी एका मुलानं विचारलं, "मॅडम, आपण जेसीबी का नाही आणत?" मी म्हटलं, आण, आधी खर्च काढून दाखव. सकाळी तो कागद घेऊन हजर. तासाचं भाडं, यायचं-जायचं, गाळ शेतात न्यायला ट्रॅक्टर कुणाचे, गावानं वर्गणी किती काढायची. यंत्र तळात कुठवर उतरवायचं आणि बांधाच्या पायथ्यापासून किती लांब ठेवायचं, हेही त्यानं गावातल्या एका जुन्या गवंड्याला विचारून लिहिलं होतं. हिशेब बरोबर होता. त्या वर्षी तळातला गाळ यंत्रानं काढला. बांधावरच्या बाभळी मुळासकट काढणं, ढासळलेलं दगडी पिचिंग पुन्हा रचणं आणि सांडवा मोकळा करणं आम्ही हातानं केलं. सांडव्याचं माप त्या मुलानं माझ्याकडे मागितलं. मी लेव्हलची पेटी त्याच्या हातात दिली आणि रजिस्टरवर त्याची सही घेतली.