पंक्तिप्रपंच

मराठीत काही शब्द असे आहेत की ते दुसऱ्या भाषेत न्यायचे म्हटले तर दोन-दोन वाक्ये खर्ची घालावी लागतात. ‘पंक्तिप्रपंच’ हा त्यांतलाच एक. एकाच पंगतीला बसलेल्यांना वेगवेगळे वाढायचे, एकाच्या पानात तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानात नुसता थेंब, या दुजाभावाला आपल्या पूर्वजांनी नाव देऊन ठेवले आणि तो दोष ठरवला. वर्गात हा शब्द आला की हल्ली उदाहरण देऊन समजवावा लागतो. कारण पंगती उठल्या आणि बुफे आले. पण गेली काही वर्षे हा शब्द मला माझ्याच घरी, दिवाळीच्या फराळाच्या ताटात भेटतो आहे.

२०१९ साली आमच्या सौ.ना मधुमेह असल्याचे निघाले. गोळ्या सुरू झाल्या, सकाळचे फिरणे सुरू झाले आणि त्याबरोबर घरात एक वेगळा डबा आला. त्यावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली, ‘आईचा’. लग्नापासून दर दिवाळीला पहाटे चारला उठून चकल्यांची भाजणी मळणारी, अनारशाच्या जाळीवर नजर ठेवणारी ही बाई; तिच्या हातचे बेसनलाडू सगळे खात आणि ती चिठ्ठीच्या डब्यातली दोन कोरडी बिस्किटे घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसे. आलेले पाहुणे प्रेमाने म्हणत, “वहिनी, तुमच्यासाठी शुगर-फ्री आणलंय हं!” मग सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळत. दोष कुणाचाच नव्हता. सगळे मायेपोटीच चाललेले होते. पण पंक्तिप्रपंच मायेपोटी केला, तरी तो पंक्तिप्रपंचच.

२०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाची माणसे दहा कोटींच्या वर आहेत. म्हणजे दिवाळीला गोल करून बसलेल्या बहुतेक घरांत असा एक डबा, अशी एक खुर्ची असणार.

आमची कन्या बंगळूरला असते. एका रविवारी तिचा फोन आला. “बाबा, ओट्स आणि चॉकलेटचे बार करून बघा. ओव्हन लागत नाही. आईलासुद्धा एखादा चालेल.” ओव्हन लागत नाही याचे तिला अप्रूप; मला मात्र हसू आले. आपल्या स्वयंपाकघरात भट्टी होती कधी? लाडू, वड्या, चिक्की, सारा कारभार चुलीवरच्या कढईचा आणि तूप लावलेल्या ताटाचा. भट्टी लागायची ती फक्त नानकटाईला, आणि त्यासाठी आम्ही पोरे घरचे गोळे पत्र्याच्या ताटांत मांडून, ती ताटे डोक्यावर घेऊन बेळगावच्या बेकरीपुढे रांग लावत असू. तेव्हा कन्येचा ‘नो-बेक बार’ म्हणजे थापून पाडलेली वडी. एवढे कळल्यावर धीर आला.

बेत सौ.च्या कानावर घातला. तिने ऐकून घेतले आणि एकच अट घातली, “अहो, माझ्यासाठी म्हणून काही करू नका. करायचं तर सगळ्यांना एकच करा.” त्या एका वाक्यात माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत कळला नसता एवढा त्या शब्दाचा अर्थ होता.

आता कृती. शिक्षकाचा पिंड असल्याने वजने सांगतो. ‘अंदाजाने’ हा शब्द सुगरणींना शोभतो, मला नाही. साधे चपटे ओट्स २०० ग्रॅम. गोड केलेले, मसाला घातलेले नकोत. बी काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम, भाजून साले काढलेले शेंगदाणे १५० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पूड ३० ग्रॅम, जवस आणि तीळ २५-२५ ग्रॅम, साजूक तूप दोन चमचे, चिमूटभर मीठ. वरच्या थरासाठी सत्तर टक्क्यांचे काळे चॉकलेट ६० ग्रॅम. दुकानात कोको मागताना नीट पाहून घ्यावे. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळते त्यात साखर मिसळलेली असते.

ओट्स कारखान्यात वाफवून, मग लाटून चपटे केलेले असतात, त्यामुळे ते कणकेसारखे कच्चे नसतात. तरीही मंद आचेवर सहा-सात मिनिटे परतावेत. खमंग वास सुटला की उतरावेत आणि गार झाल्यावर निम्मे मिक्सरमधून भरड काढावेत. भरड चिकटून धरते, अख्खे दाताखाली येतात. जवस व तीळ भाजून जवसाची पूड करावी. शेंगदाणे मिक्सरमध्ये फिरवत राहावे. आधी कूट होते, मग गोळा होतो, आणि धीर धरला तर तेल सुटून सैलसर लगदा होतो. इथेच घाई करू नये. खजुराचे तुकडे चार-पाच मोठे चमचे गरम पाण्यात पाव तास भिजवून त्याच पाण्यासकट वाटावेत. कढईत तूप घालून हा गोळा तीन-चार मिनिटे परतावा, म्हणजे पाण्याचा अंश जातो आणि वडी टिकते. गॅस बंद करून शेंगदाण्याचा लगदा, कोको, मीठ, आणि शेवटी ओट्स, जवस, तीळ. सगळे हाताने मळून तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने दाबून थापावे. दाबण्यात कंजुषी केली तर वडी भुगा होऊन हातात येते.

चॉकलेट थेट आचेवर ठेवू नये. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर कोरडे भांडे ठेवावे आणि त्यात वितळवावे. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी ते घट्ट दाणेदार होऊन बसते. वितळलेला थर वड्यांवर पसरून, पुरता आळण्याआधी सुरीने रेघा ओढाव्यात. फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवले की तीस वड्या मोकळ्या होतात. कोकोतले लोणी ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडे खालीच वितळते. म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळते. आणि म्हणूनच डबा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. आठ-दहा दिवस राहतात, म्हणजे राहू दिल्या तर.

आता हिशेब. तो टाळला तर ‘पौष्टिक’ हा शब्द नुसता अलंकार ठरतो. एका वडीत साखर सुमारे चार ग्रॅम, बहुतेक खजुराची. उष्मांक पंचाण्णवच्या आसपास, प्रथिने तीन ग्रॅम, चोथा दोन ग्रॅमांहून थोडा अधिक. आमच्या घरच्या प्रमाणाने एका बेसनलाडवात बारा-तेरा ग्रॅम साखर पडते. म्हणजे तिपटीचा फरक. पण फरक म्हणजे माफी नव्हे. खजुराची साखर चोथ्याच्या संगतीने येते म्हणून जरा सावकाश पोचते इतकेच, पोचते जरूर. गुळाचेही तेच. ‘गूळ घातलाय, खा बिनधास्त’ असे आपण सर्रास म्हणतो, पण गुळात मुख्य भाग साखरेचाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर, मध, पाक यांचा वाटा रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली ठेवावा, आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली; हे पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम. यात गुळाला सवलत नाही.

ओट्सच्या कीर्तीचाही हिशेब मांडून पाहिला. त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा चोथा असतो. तो रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, असे पाकिटावर छापण्याची परवानगी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली दिली. ओट्समध्ये हा भाग शेकडा चारच्या आसपास धरला, तर तीन ग्रॅमांसाठी आमच्या अकरा वड्या खाव्या लागतील! त्याबरोबर चव्वेचाळीस ग्रॅम साखर आणि हजारावर उष्मांक फुकट. सांगायचा मुद्दा असा, की ही वडी औषध नाही. ते काम सकाळच्या ओट्सच्या खिमटीचे. वडी ही वडीच आहे. फक्त ती सगळ्यांना एका ताटात बसू देते.

सौ.ने डॉक्टरांना विचारले. त्यांनी आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर एक, आणि त्या जेवणात एक फुलका कमी, असे सांगितले. तिने पहिल्या दिवशी दोन तासांनी बोटाला सुई टोचून मीटर पाहिला. आकडा डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीत होता. ज्याचे त्याचे शरीर वेगळे, तेव्हा ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

आमच्या शेजारच्या अक्का मूळच्या गोकाकच्या. पहिली वडी त्यांच्याकडे गेली. त्यांनी चावून पाहिली, वर-खाली उलटली आणि निकाल दिला, “इदू नम्म करदंटे री, सर!” हे आमचे करदंटच की! आणि खरेच होते ते. ‘करदंट’ या कानडी शब्दाचा अर्थच तळलेला डिंक. डिंक, सुके खोबरे, काजू-बदाम, खजूर हे सारे गुळाच्या पाकात बांधून ताटात थापायचे आणि तुकडे पाडायचे. गोकाक आणि अमीनगडच्या करदंटाची ख्याती आपल्या मुलखात कुणाला सांगायला नको. बंगळूरच्या लेकीने फोनवरून पाठवलेला ‘बार’ आमच्याच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या होत होता. पाकाच्या जागी खजूर आला आणि डिंकाच्या जागी ओट्स, एवढेच. अक्कांनी पुढच्या खेपेला मूठभर सुके खोबरे भाजून घालायला सांगितले. घातले. चव वाढली, उष्मांकही वाढले. मग वड्यांचा आकार थोडा लहान केला. संसारात असेच चालते.

कोकोही आता परका राहिलेला नाही. दक्षिण कन्नड जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या केरळात सुपारीच्या बागांमध्ये आंतरपीक म्हणून कोकोची झाडे उभी आहेत. त्या शेतकऱ्यांची ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था १९७३ साली मंगळूरला स्थापन झाली, ती कर्नाटक आणि केरळ या दोन राज्यांची मिळून. आणि १९८६ साली पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखाना सुरू झाला. दोन भाषांचे शेतकरी एका संस्थेत बसून एक पदार्थ करतात, ही गोष्ट सीमेवर राहणाऱ्या माणसाला विशेष वाटल्याशिवाय राहत नाही.

या वड्यांपायी शाळेतही एक तास पदरात पडला. आठवीच्या मुलांच्या डब्यात हल्ली रंगीत वेष्टनातले बार दिसतात. मी चार वेष्टने गोळा करून फळ्याशेजारी चिकटवली आणि नियम सांगितला: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, जे आधी, ते जास्त. मग साखरेची टोपणनावे शोधायला लावली. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. एका वेष्टनावर तीन नावांनी साखर निघाली. तिघींची बेरीज केली असती तर ती ओट्सच्या पुढे गेली असती का, यावर वर्गात चांगलाच वाद रंगला. घरी मराठी, गल्लीत कानडी आणि वेष्टनावर इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना एका वस्तूची तीन नावे ओळखणे जड जात नाही. मला तो भाषेचाच तास वाटला.

यंदा सौ. ओट्स निम्मे करून त्यांच्या जागी ज्वारीच्या लाह्यांची भरड घालणार आहे. लाह्या हलक्या, त्यामुळे खजूर किती लागेल हे तीच ठरवील. वजनकाटा माझ्या हाती आहे, पण चव अजून तिच्याच हाती आहे. बेसनलाडू, चकल्या, अनारसेही होतीलच; सणाला त्यांची रजा घ्यायची नाही. मात्र ताटात प्रत्येकाला ही वडी एकेक, ठाणेदार जावयालाही आणि दूधवाल्या पोरालाही. पाहुणे आले की सौ. स्वतः ताट फिरवते, शेवटी आपली एक उचलते आणि बोलता बोलता खाऊन टाकते. कुणाच्या ध्यानातही येत नाही. चिठ्ठीचा डबा मी गेल्या वर्षी घासूनपुसून माळ्यावर ठेवून दिला आहे.