माळवद आणि बेसमेंट

भालकीच्या घराचं कुलूप यंदा लवकर उघडेना. पावसाळाभर भिजून ते गंजलं होतं, दारही फुगलं होतं. शेजारच्या काकांनी खोबरेल तेल सोडलं, दोन हातोड्या मारल्या, तेव्हा कुठे आम्ही आत गेलो. मधल्या खोलीत आईच्या शिलाई मशीनवर मातीचा ढीग पडला होता. वर पाहिलं तर तुळयांच्या फटीतून हातभर आभाळ दिसत होतं. शिडी लावून चढलो. माळवदावर गुडघाभर गवत.

आई आणि अण्णा गेली चार वर्षं एप्रिलमध्ये आमच्याकडे ब्रॅम्प्टनला, म्हणजे टोरांटोजवळ येतात आणि नोव्हेंबरात परत जातात. भालकीचा उन्हाळा टळतो, तिकडचा बर्फही टळतो. कॅनडातले निवृत्त लोक हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात, त्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. आमचे पक्षी उलट्या दिशेचे. यंदा मी पाच आठवड्यांची रजा काढून त्यांना पोचवायला आलो. हैदराबादच्या विमानतळावरून जहीराबाद, बीदर, भालकी, चार तास गाडीत. आई सगळ्या वाटेत तुरीची शेतं मोजत होती.

लोक विचारतात, सुपर व्हिसा आहे तर परत कशाला येता? खरं आहे, 2022 पासून या व्हिसावर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षंही राहता येतं. पण अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले. केंद्राचं पेन्शन, त्यामुळे नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पोस्टमन घरी येऊनही अंगठा घेतो. हे मी त्यांना सांगायचं म्हणजे गंमतच. तरी ते पोस्टातच जातात. "तिथं चहा मिळतो," म्हणाले, "मोबाईलमधून मिळतो का?"

पहिलं वर्ष वाईट गेलं होतं. आम्ही त्यांना बेसमेंट दिलं. स्वतंत्र न्हाणीघर, नवा गालिचा, हीटर. आपल्या परीने सगळं चांगलंच केलं होतं. पण शहाबादी फरशीवर अनवाणी वावरलेल्या आईला गालिच्यावर चालवेना. खिडकी छताला लागून, तिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं तेवढी दिसायची. फोडणी घातली की धुराचा अलार्म ओरडायचा. दुकानातलं ज्वारीचं पीठ जुनं, भाकरी थापताना चिरायची, आणि विजेच्या शेगडीवर फुगायची नाही. आम्ही दोघं दिवसभर कामात. आईला इंग्रजी शिकवलं पाहिजे असं मी ठरवलं, एक अ‍ॅपही घालून दिलं. ते तिने कधी उघडलं नाही.

जुलैत ती बागेत बसायला लागली. बाकावर एक हैदराबादी बाई कुणाला तरी फोनवर "नक्को, नक्को" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "हैदराबाद के क्या?" "हौ." झालं! भालकीच्या बाजारात आयुष्यभर वापरलेली दखनी तिथे उपयोगी पडली. पुढच्या आठवड्यात कलबुर्गीकडच्या एक आजी भेटल्या, त्यांच्याशी कन्नड. मी मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना तिला नेत होतो, पण तिचं मैत्र जमलं ते या बाकावर.

मला याचं नवल वाटलं, अण्णांना नाही. त्यांचा जन्म 1950 चा, हैदराबाद राज्यातला. ते सहा वर्षांचे असताना, 1 नोव्हेंबर 1956 ला, जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरमध्ये. आत्याचं सासर उदगीरचं, ती एका रात्रीत परराज्यातली झाली. 1973 मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं. आजोबांचा हिशेब उर्दूत, अण्णांची शाळा मराठी, काउंटरवरची गिऱ्हाइकं कन्नड. घर जागचं हललं नाही आणि नव्या ठिकाणी रुळायची सवय मात्र सगळ्यांना लागली.

एक व्यवहाराची गोष्ट, आपल्यापैकी बरेच जण आईवडिलांना बोलावतात म्हणून. सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. पॉलिसीत जुने आजार 'स्थिर' असावेत अशी अट बहुधा असते. प्रवासाच्या आधी अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस बदलला होता. तेवढ्याने तो आजार स्थिर राहिला नाही आणि त्यावरचा खर्च आमच्याच खिशातून गेला. औषध बदललं की विमावाल्यांना आधी विचारा.

पण विमा पैशाने सुटतो. माळवद सुटत नाही. मृगाच्या आधी त्यावर माती पसरून चोपावी लागते, पावसाळ्यात गवत उपटावं लागतं, गळेल तिथे त्याच दिवशी चढावं लागतं. नेमके तेच महिने हे दोघं बेसमेंटमध्ये. माती टाकणारी जुनी माणसंही आता थोडीच उरलीत. वीस वर्षं स्लॅबला नाही म्हणणारे अण्णा या वेळी म्हणाले, "माळवद उन्हाळ्यात गार राहतं म्हणून ठेवलं. उन्हाळ्यात आपण नसतोच." आई काही बोलली नाही.

येळवशीला चुलतभावाच्या शेतात गेलो. कडब्याची कोप, आत पांडवांचे पाच दगड, नव्या मडक्यात आंबील, भज्जी, उंडे, खीर. सात वर्षांनी मला येळवस मिळाली. भज्जी तीनदा वाढून घेतली. जेवण झाल्यावर आई कोपीच्या सावलीत आडवी झाली आणि अण्णांना म्हणाली, "यंदा तुम्ही जाऊन या. मी मृगापर्यंत इथंच राहते. माती टाकून घेते." अण्णांनी पानाला चुना लावला, पण पान बराच वेळ हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. टेप काढून स्लॅबची मापं घेऊ लागला. आई शिडीपाशी उभी होती.

"मापं मग घे रे बाबा," ती म्हणाली, "आधी वरचं गवत काढून दे."